कार्ड हाती आले. दवाखाना कुठे आहे?

वृद्धांच्या आरोग्याचा प्रश्न आता सुटल्यातच जमा आहे, असे सांगण्याची अलीकडे एक रीत पडली आहे. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी, धन्वंतरी जयंतीचा मुहूर्त साधून, पंतप्रधानांनी आयुष्मान भारत योजनेचे छत्र सत्तर वर्षांवरील सर्व नागरिकांवर धरले. उत्पन्नाची अट नाही, शिधापत्रिकेच्या रंगाची अट नाही. ‘आयुष्मान वय वंदना’ असे भक्तिभावाचे नाव दिलेले कार्ड काढावे आणि वर्षाकाठी पाच लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार विनामूल्य घ्यावेत, असा हा व्यवहार आहे. साडेचार कोटी कुटुंबांतील सहा कोटी वृद्धांना त्याचा लाभ होईल, असा शासनाचा हिशेब आहे. महाराष्ट्र शासनाने तर त्याआधीच, २०२३ मध्ये, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्यातील सर्व कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय घेतला आणि कुटुंबामागे दीड लाखाचे संरक्षण पाच लाखांवर नेले. १,३५६ उपचारांची यादी छापून झाली. आता आणखी काय हवे, असा प्रश्न सत्ताधारी पक्षाचे वक्ते विचारतात; आणि खेदाची गोष्ट अशी की, आपल्यातीलही काही कार्यकर्त्यांना ह्या प्रश्नाचे उत्तर चटकन सुचत नाही.

उत्तर शोधण्यासाठी दृष्टी कागदावरून उचलून मालेगावाकडे वळवावी. हे यंत्रमागांचे, नाशिक जिल्ह्यातील मालेगाव नव्हे. अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, सोयाबीन आणि तुरीच्या शेतीवर जगणारे वाशीम जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम जिल्हा निर्माण झाला, आणि वीस वर्षांनी, २०१८ मध्ये, देशातील ‘आकांक्षित’ जिल्ह्यांच्या यादीत त्याचे नाव आले. मागासलेपणाला आकांक्षा म्हणण्याची ही नवी परिभाषा. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ह्याच तालुक्यातून जातो. ७०१ किलोमीटरच्या ह्या मार्गाचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. मोटारवाल्याला मालेगावच्या शिवारातून मुंबई काही तासांवर आली. परंतु त्याच शिवारात निंदणी-खुरपणी करून म्हातारी झालेल्या बाईला छातीत दुखू लागले, तर तिची वाट अजूनही वीसेक किलोमीटरवरच्या वाशीमची, नाही तर साठेक किलोमीटरवरच्या अकोल्याची आहे. पंचाहत्तरीपुढील वृद्धांना ऑगस्ट २०२२ पासून एस.टी.चा प्रवास मोफत झाला. तो निर्णय चांगलाच होता. पण त्याचा अर्थ असाही होतो, की दवाखाना माणसाजवळ नेण्याऐवजी माणसाला दवाखान्याकडे धाडणे शासनाला सोपे वाटते.

विमा कशाचा?

ह्या योजनांचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे, कारण फसगत स्वरूपातच आहे. आयुष्मान भारत असो वा महात्मा फुले योजना असो, दोन्हींचा पैसा प्रामुख्याने रुग्णालयात दाखल झाल्यानंतर सुरू होतो. आयुष्मान योजनेत दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस एवढाच अधिकचा काळ धरला जातो. बाह्यरुग्ण म्हणून घेतलेली तपासणी, दरमहा लागणाऱ्या गोळ्या, रक्त-लघवीच्या चाचण्या, चष्मा, श्रवणयंत्र, दातांची कवळी, अंथरुणाला खिळलेल्याची शुश्रूषा ह्यांपैकी काहीही त्यात येत नाही.

आता म्हातारपणाचा आजार कसा असतो ते पाहावे. २०१७-१८ मध्ये केंद्र शासनाच्याच आरोग्य मंत्रालयाच्या पुढाकाराने वृद्धांची जी देशव्यापी पाहणी झाली, तिच्यात साठीपुढील दर चार माणसांपैकी तिघांना कोणता ना कोणता दीर्घकालीन आजार असल्याचे आढळले. सुमारे २७ टक्के वृद्धांना एकाहून अधिक आजार होते आणि सुमारे ४० टक्क्यांना काही ना काही अपंगत्व होते. रक्तदाब, मधुमेह, दमा, सांधेदुखी, मोतीबिंदू ही ती दुखणी. ह्या दुखण्यांना गोळी रोज लागते, डॉक्टर महिन्याला लागतो आणि रुग्णालय क्वचित लागते. योजना मात्र जे क्वचित लागते तेवढ्याचाच भार उचलते.

शिरपूर वा मेडशीच्या परिसरातील बाहत्तर वर्षांच्या एखाद्या शेतमजूर स्त्रीची स्थिती कल्पून पाहावी. श्रावणबाळ योजनेचे दरमहा १,५०० रुपये हे तिचे उत्पन्न. त्यातील केंद्राचा वाटा, जेथे तो मिळतो तेथे, ऐंशी वर्षांखालील वृद्धासाठी अवघा २०० रुपये आहे, आणि वर्षानुवर्षे तो तेवढाच आहे. तिला रक्तदाब आहे. ग्रामीण रुग्णालयात गोळ्या असतील तेव्हा त्या फुकट मिळतील. साठा संपला की बाहेरची चिठ्ठी. दोन महिने ती गोळ्या विकत घेईल, तिसऱ्या महिन्यात नातवाच्या वह्यांचा खर्च निघेल आणि गोळी बंद होईल. एके दिवशी तिला पक्षाघाताचा झटका येईल. तेव्हा, आणि तेव्हाच, तिच्या पेटीतले कार्ड जागे होईल. म्हणजे ही व्यवस्था रक्तदाबाच्या गोळीला पैसे देत नाही, पक्षाघाताला देते. मधुमेहाच्या तपासणीला देत नाही, मूत्रपिंडे निकामी झाल्यावर डायलिसिसला देते. अर्थशास्त्राच्या कोणत्याही कसोटीवर हा व्यवहार महागडा आहे. माणुसकीच्या कसोटीचा तर उल्लेखच नको.

आणि हे अपरिहार्य आहे असेही नाही. केंद्र शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी १९५४ पासून स्वतंत्र आरोग्य योजना चालू आहे. सेवेतून निवृत्त झालेल्या सचिवाला तिच्यातून बाह्यरुग्ण तपासणी मिळते, औषधे मिळतात, चाचण्या मिळतात, रुग्णालयही मिळते. त्याला ते मिळते ह्याबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच, की वृद्धाला रोज औषध लागते हे ज्या शासनाला दिल्लीच्या सचिवाच्या बाबतीत कळते, ते त्याला मालेगावच्या शेतमजुराच्या बाबतीत का कळत नाही?

व्यवस्थापन कोणाच्या सोयीचे?

ह्या कार्डांमागे जी यंत्रणा आहे तिचा जन्म भारतातला नाही. तिला ‘व्यवस्थापित आरोग्यसेवा’ म्हणतात, आणि तिचे माहेर अमेरिका. वृद्धांचा विमा उतरवणे कंपन्यांना परवडत नव्हते, म्हणून १९६५ मध्ये अमेरिकेसारख्या भांडवलशाहीच्या बालेकिल्ल्यातही पासष्ट वर्षांवरील नागरिकांसाठी ‘मेडिकेअर’ ही सरकारी योजना काढावी लागली. आरोग्यसेवेचा बाजार हा भाजीबाजारासारखा चालत नाही, रोगी आणि वैद्य ह्यांच्या ज्ञानात मूलभूत विषमता असते, हे केनेथ ॲरो ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्येच दाखवून दिले होते. परंतु १९७३ मध्ये अध्यक्ष निक्सन ह्यांच्या कारकिर्दीत कायदा झाला आणि दरडोई ठरावीक रक्कम घेऊन सभासदांचे सर्व उपचार आपल्या यादीतील डॉक्टरांकडून करविणाऱ्या संस्थांना उत्तेजन मिळाले. पुढे १९९७ आणि २००३ च्या कायद्यांनी मेडिकेअरचेच दार खाजगी कंपन्यांना सताड उघडे झाले. आज तेथील निम्म्याहून अधिक पात्र वृद्ध कंपन्यांच्या योजनांत आहेत.

ह्या योजनांची हत्यारे तीन. पहिले, ठरावीक डॉक्टर व रुग्णालये ह्यांची यादी. यादीबाहेर गेलात तर खर्च तुमचा. दुसरे, पूर्वमंजुरी, डॉक्टरने उपचार सुचवला तरी कंपनीचा कारकून होकार देईपर्यंत तो थांबायचा. तिसरे, ठरावीक रक्कम. ती एकदा हाती पडली की जितका उपचार कमी तितका नफा जास्त. परिणाम काय झाला? अमेरिकी शासनाच्या महानिरीक्षकांनी एप्रिल २०२२ च्या अहवालात नमूद केले, की कंपन्यांनी पूर्वमंजुरी नाकारलेल्या ज्या प्रकरणांची तपासणी झाली त्यांतील १३ टक्के प्रकरणे मेडिकेअरच्या नियमांत बसत होती. म्हणजे मूळ सरकारी योजनेत त्या वृद्धांना तो उपचार मिळाला असता. बरे, निदान पैसा तरी वाचला काय? तोही नाही. अमेरिकी संसदेला सल्ला देणाऱ्या आयोगाने २०२४ मध्ये अंदाज दिला, की हेच वृद्ध मूळ सरकारी योजनेत असते तर जेवढा खर्च आला असता, त्याहून २२ टक्के अधिक रक्कम शासन कंपन्यांना देत आहे. वर्षाला सुमारे ८३ अब्ज डॉलर. स्पर्धेने कार्यक्षमता वाढते आणि खर्च घटतो, हा मंत्र जपणाऱ्यांनी हा आकडा पाठ करून ठेवावा.

आपल्याकडील सरकारी योजनांत रुग्णाला हप्ता भरावा लागत नाही, हा फरक महत्त्वाचा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. परंतु हत्यारे तीच आहेत. अंगीकृत रुग्णालयांची यादी आहे, पूर्वमंजुरी आहे, प्रत्येक शस्त्रक्रियेचा ठरलेला दर आहे. अंगीकृत खाजगी रुग्णालये जेथे पैसा आहे तेथे, म्हणजे शहरात, उभी राहतात. म्हणून मालेगावच्या वृद्धाच्या कार्डाची किंमत अकोल्यात वा नागपुरात ठरते. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालाने आयुष्मान योजनेच्या यंत्रणेचे जे दर्शन घडविले तेही विसरता येणार नाही: एकाच भ्रमणध्वनी क्रमांकाशी जोडलेले सुमारे साडेसात लाख लाभार्थी, आणि नोंदीत आधीच मृत दाखविलेल्या ३,४४६ रुग्णांच्या उपचारापोटी चुकती केलेली सुमारे सात कोटींची रक्कम. जिवंत म्हातारीचा अंगठा झिजला म्हणून यंत्र तिला ओळखत नाही. मृतांची बिले मात्र यंत्रातून सुरळीत पार पडतात.

मध्यमवर्गाचा मार्ग

ज्यांच्या गाठीला थोडे अधिक आहे, अशा निवृत्त शिक्षकाला वा लहान व्यापाऱ्याला खाजगी पॉलिसीचा मार्ग दाखविण्यात येतो. ह्या मार्गाचाही इतिहास आहे. १९७३ च्या आरंभी सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, १९८६ मध्ये सरकारी कंपन्यांनी ‘मेडिक्लेम’ आणला, १९९९ च्या कायद्यानंतर खाजगी कंपन्या आल्या, विदेशी भांडवलाची मर्यादा २६ टक्क्यांवरून ४९, मग २०२१ मध्ये ७४ टक्क्यांवर गेली आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात शंभर टक्क्यांची घोषणा झाली. एवढे होऊनही २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातील सुमारे ८६ टक्के लोकांना कोणतेही आरोग्य-विमा संरक्षण नव्हते, आणि वर उल्लेखिलेल्या वृद्धांच्या पाहणीत विमा असलेल्यांचे प्रमाण अवघे १८ टक्के निघाले.

नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये पासष्टीनंतर नवी पॉलिसी नाकारण्याची मुभा काढून घेतली. दार उघडले, पण उंबरठा हप्त्याचा आहे. जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा करायला लावण्याची मुभा कंपनीला अद्याप आहे. म्हणजे बहात्तराव्या वर्षी पॉलिसी घेणाऱ्या मधुमेह्याला त्याच दुखण्याच्या उपचारासाठी पंचाहत्तरी गाठावी लागू शकते. शिवाय बिलाचा काही हिस्सा स्वतः भरण्याची अट, खोलीभाड्याची मर्यादा, वगळलेल्या आजारांची यादी ही कलमे आहेतच. वृद्धांचे हप्ते वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवायचे तर आधी विचारा, असे जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांना बजावण्याची पाळी प्राधिकरणावर आली. ह्यावरून त्यापूर्वी काय चालले होते ते ताडावे. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर रद्द झाला, हे योग्यच झाले. पण आजारपणाच्या भीतीवर इतकी वर्षे कर घेतला जात होता, हेही त्यातून उघड झाले. श्रावणबाळच्या वर्षभराच्या १८,००० रुपयांत सत्तरीपुढील जोडप्याची पुरेशी पॉलिसी बसत नाही. ज्याला तिची सर्वाधिक गरज, त्यालाच ती सर्वांत महाग, हा ह्या बाजाराचा दोष नसून नियम आहे.

दोन आक्षेप

ह्यावर उजवीकडून आक्षेप येतो, की शासनाला दवाखाने चालविता येत नाहीत, म्हणून त्याने उपचार विकत घ्यावेत. हा युक्तिवाद उलटा आहे. आधी दवाखान्याला उपाशी ठेवायचे आणि मग तो अशक्त आहे म्हणून हिणवायचे, असा हा प्रकार. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सार्वजनिक आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. २०२१-२२ मध्ये, महामारीचा तडाखा बसल्यानंतरही, तो १.८४ टक्क्यांवर होता, आणि एकूण आरोग्यखर्चापैकी ३९ टक्क्यांहून अधिक भार लोक स्वतःच्या खिशातून उचलत होते. केंद्राच्याच २०२१-२२ च्या आकडेवारीनुसार देशातील ग्रामीण भागातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत गरजेच्या तुलनेत सुमारे ८० टक्के तज्ज्ञ कमी होते. शल्यचिकित्सक नाही, फिजिशियन नाही, मग दवाखाना चालणार कसा? आणि तरीही २०१७-१८ च्या पाहणीत सरकारी रुग्णालयातील एका भरतीचा सरासरी खर्च ४,४५२ रुपये होता, तर खाजगी रुग्णालयात तो ३१,८४५ रुपये होता. अशक्त सरकारी दवाखान्यानेच गरिबाला अधिक तारले आहे. पैशाअभावी कोणी उपचारावाचून राहू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ मध्ये मांडले आणि त्यासाठी शासनाच्या आरोग्यकेंद्रांची जाळी सुचविली, कार्डांची नव्हे.

दुसरा आक्षेप डावीकडून, आपल्याच मित्रांकडून येतो. हे सारे भांडवलशाहीचे मायाजाल आहे, तेव्हा कार्यकर्त्यांनी कार्डांच्या भानगडीत पडूच नये, असे ते म्हणतात. ही भूमिका तत्त्वनिष्ठ दिसते, परंतु ती निष्ठूर आहे. ज्याच्या वडिलांना उद्या हृदयाची शस्त्रक्रिया करावी लागणार आहे, त्याला तत्त्वज्ञान ऐकवून चालत नाही. ते कार्ड जनतेच्याच करातून निघाले आहे; त्यावर वृद्धांचा हक्क आहे. फुले योजनेत असलेल्या कुटुंबातील सत्तरीपुढच्या माणसाला कुटुंबाच्या पाच लाखांखेरीज स्वतःसाठी वेगळे पाच लाख मिळू शकतात, हे अनेकांना ठाऊकही नाही. आधारवरील जन्मतारीख चुकली म्हणून कोणी वंचित राहत असेल, तर ती दुरुस्त करून देणे हे राजकीय कामच आहे. मात्र कार्ड काढून देणे म्हणजेच आरोग्याचा लढा, अशी समजूत जर रुजली, तर पक्षाचा कार्यकर्ता आणि योजनेचा दलाल ह्यांत फरक उरणार नाही.

काय मागावे?

म्हणून मागण्या नेमक्या असाव्यात. ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत सर्व सेवा विनामूल्य झाल्या आहेत. हा निर्णय मोलाचा आहे. त्याला अर्थ यायचा तर मालेगावच्या ग्रामीण रुग्णालयात फिजिशियनचे पद भरलेले हवे, रक्तदाब-मधुमेहाच्या औषधांचा तीन महिन्यांचा साठा कायम हवा आणि आठवड्यातून एक दिवस केवळ वृद्धांसाठी बाह्यरुग्ण विभाग हवा. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या राज्यातील दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत वाशीमचेही नाव आहे. महाविद्यालय येणे स्वागतार्हच. पण विनामूल्य सेवेचा निर्णय आरोग्य विभागापुरता आहे, वैद्यकीय शिक्षण विभागाच्या रुग्णालयांना तो लागू नाही. तेव्हा महाविद्यालयाशी जोडल्या जाणाऱ्या रुग्णालयातील फुकट उपचार बंद होणार नाहीत, अशी लेखी हमी शासनाकडून घेतली पाहिजे.

वय वंदना योजनेत बाह्यरुग्ण तपासणी, औषधे आणि चाचण्या आल्याच पाहिजेत. सत्तरीची अट साठीवर आली पाहिजे; २००७ चा ज्येष्ठ नागरिकांविषयीचा कायदा ज्याला साठाव्या वर्षी ज्येष्ठ मानतो, त्याला आरोग्यासाठी दहा वर्षे थांबविण्याला आधार काय? उन्हातान्हात राबणाऱ्या शेतमजुराचे शरीर तर साठीच्या आधीच थकलेले असते. पूर्वमंजुरी नाकारलेल्या प्रत्येक प्रकरणाचे कारण मराठीत लेखी मिळावे आणि तालुक्याचा हिशेब दर वर्षी ग्रामसभांपुढे वाचला जावा. आणि ह्या सर्वांच्या मुळाशी असलेली मागणी, जी बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेन्शन परिषदेच्या द्वारे सातत्याने लावून धरली: प्रत्येक असंघटित श्रमिकाला किमान वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन. गोळी विकत घेण्याची ऐपत आणि वेळेवर दोन घास मिळण्याची खात्री नसेल, तर कोणताही विमा वृद्धाला निरोगी ठेवू शकणार नाही.

पक्षाच्या शाखांनी ह्यासाठी एक साधे काम आजपासून हाती घ्यावे. कार्डांचे शिबिर जरूर घ्यावे, पण त्याच टेबलावर एक वही ठेवावी. कोणाला कोणती गोळी मिळाली नाही, कोणाला यादीतल्या रुग्णालयाने परत पाठविले, कोणाकडून ‘विनामूल्य’ उपचाराचे पैसे घेतले, ह्याची तारीखवार नोंद तीत व्हावी. सहा महिन्यांत ही वही कोणत्याही भाषणापेक्षा अधिक बोलेल. आणि कार्डवाटपाच्या समारंभाला जो मंत्री वा आमदार येईल, त्याला व्यासपीठावरून उतरवून ग्रामीण रुग्णालयाच्या औषधभांडारापर्यंत चालत न्यावे व तेथील कपाट त्याच्याच हाताने उघडून दाखवावे.